सुटे भाग मिळतील का? फूड प्रोसेसर निवडण्याआधीचे प्रश्न

नागपुरात मिक्सर आणि फूड प्रोसेसर सर्वांत जास्त राबतात ते मार्च ते मे या तीन महिन्यांत. भिवापुरी मिरची घरात येते, वर्षाचा मसाला भाजला जातो, कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत पडतात, बटाट्याचे काप वाळायला गच्चीवर जातात, कैरी किसली जाते. त्यात सुट्टीला मुलं-नातवंडं आलेली असतात, म्हणून रोजच्या स्वयंपाकाचा घाणा वेगळा. आणि नेमकी हीच वेळ असते दुपारी बाहेर ४३-४४ अंशांची. २३ मे २०१३ ला तर इथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती. कूलर बैठकीत असतो, गॅस ओट्यावर, आणि यंत्र त्या गॅसच्या शेजारी.

फूड प्रोसेसर कोणता घ्यावा, हा प्रश्न रामदासपेठेतल्या घरातून विचारायचा तर तो इथून सुरू करायला हवा. दुकानदार वॉट सांगतो, भांडी मोजून दाखवतो, पात्यांचा संच ओळीनं मांडतो. उष्णतेबद्दल कुणी बोलत नाही. यंत्र जळतं मात्र उष्णतेनंच.

मोटरच्या आत तांब्याची (कधी ॲल्युमिनियमची) बारीक तार गुंडाळलेली असते आणि त्या तारेवर रोगणाचा पातळ थर असतो. हा थर शाबूत आहे तोवर वेढे एकमेकांपासून वेगळे राहतात. तो करपला की वेढे आपसांत जोडले जातात आणि मोटर गेली. ‘मिक्सरला वास येतोय’ असं आपण म्हणतो, तो वास बहुतेक वेळा या रोगणाचा असतो. थर किती तापमान सोसू शकतो यावरून त्याचे वर्ग ठरलेले आहेत: ‘ई’ वर्ग १२० अंशांपर्यंत, ‘बी’ वर्ग १३०, ‘एफ’ वर्ग १५५. हे हिशेब करताना भोवतालची हवा साधारणपणे ४० अंश धरलेली असते. पुण्यात किंवा बंगळुरात ती मर्यादा क्वचित ओलांडली जाते. आपल्याकडे मे महिन्यात ती सकाळी अकरालाच ओलांडलेली असते. थर नेहमीपेक्षा १० अंशांनी जास्त तापत राहिला तर त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं, असा विद्युत अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे. म्हणून इथे यंत्राला गरजेपेक्षा थोडी जास्त ताकद हवी आणि हवा खेळायला तळाशी, मागे मोकळ्या जाळ्या हव्यात. भिंतीला चिकटवून, खाली रबरी चटई किंवा कापड अंथरून ठेवलेल्या यंत्राच्या त्या जाळ्या बंद होतात. घेताना यंत्र उलटं करून त्या कुठे आहेत ते पाहावं आणि ओट्यावर त्यांना जागा मिळेल का, याचा अंदाज घ्यावा.

आता वॉटचं. खोक्यावरचे ७५० वॉट म्हणजे यंत्र किती वीज ओढतं. त्यातली किती पात्यापर्यंत पोचते आणि किती उष्णतेत जाते, हे त्या आकड्यात नाही. घरगुती मिक्सर-प्रोसेसरच्या लहान मोटरींत बराच मोठा हिस्सा उष्णतेतच जातो. २३० व्होल्टवर ७५० वॉट म्हणजे साधारण सव्वातीन अँपिअर. आपल्या नेहमीच्या ६ अँपिअरच्या प्लगला ते सहज झेपतं, आणि विजेच्या बिलाचीही काळजी नको: रोज वीस मिनिटं चालवलं तरी महिन्याला साडेसात युनिट. काळजी करायची ती ताण पडल्यावर काय होतं याची. या मोटरी ज्या जातीच्या असतात तिचा स्वभाव असा की भार वाढला की वेग उतरतो आणि वीज जास्त ओढली जाते. सुक्या खोबऱ्याचा तुकडा पात्याखाली अडकला किंवा कणीक फार घट्ट झाली, की प्रवाह दुप्पट होतो. आणि प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट. त्याच वेळी फिरणं मंदावल्यामुळे आतला पंखाही मंदावलेला असतो. मोटर जळते ती अशा दहा-पंधरा सेकंदांच्या हट्टामुळे.

यासाठी तळाशी एक लहान बटण असतं, लाल किंवा काळं. भार वाढला की ते आपोआप बाहेर येतं आणि वीज तुटते. ते आहे का, हाताला सहज लागतं का, हे पाहूनच पुढे जावं. शिवाय यंत्राच्या पाठीवर किंवा तळाशी एक पट्टी असते. तिच्यावर वॉट आणि व्होल्टच्या जोडीला ‘३० मिनिटं’ असं काही लिहिलेलं असतं, कधी ‘५ मिनिटं चालू, २ मिनिटं बंद’ असंही. ही ओळ वॉटच्या आकड्याइतकीच महत्त्वाची आहे. एवढा वेळ सलग राबण्याची कबुली कंपनीनं स्वतःच त्या पट्टीवर दिलेली असते. उन्हाळ्यात ती आणखी कमी धरावी.

मिक्सर आपल्या घरांत रुळला त्या कथेत महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे, आणि ती कथा निवडीच्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. साठच्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर नावाचे अभियंते सीमेन्स कंपनीत काम करत. त्यांच्या पत्नी माधुरी यांच्याकडे ब्राऊन या जर्मन कंपनीचा मिक्सर होता. तो आपल्या वाटणाला टिकला नाही, बंद पडला, आणि दुरुस्तीची सोय इथे नव्हती. परदेशी यंत्राची मोटर तिकडच्या पातळ, मऊ कामांसाठी बेतलेली. ओलं खोबरं, भिजवलेली डाळ, सुकी मिरची हे तिच्या हिशेबातच नव्हतं. माथुरांनी आपल्या वाटणाला पुरेल अशी जोरकस मोटर आणि तसं पातं असलेलं यंत्र तयार केलं. १९६३ मध्ये कंपनी उभी राहिली आणि पुढे ‘सुमीत’ हे नाव घरोघरी पोचलं. कमी ताकदीची मोटर आणि हाताशी नसलेली दुरुस्ती, या दोन अडचणींतून ते यंत्र जन्माला आलं. आज साठ वर्षांनी पहिली अडचण बहुतेक सुटली आहे. दुसरी मात्र नव्यानं उभी राहिली आहे. तिच्याकडे पुढे येते.

फूड प्रोसेसर हे मुळात वेगळं यंत्र. फ्रान्समध्ये पिअर व्हर्दाँ यांनी हॉटेलांच्या स्वयंपाकघरांसाठी रोबो-कूप बनवलं. त्यावरून घरगुती मॅजिमिक्स आलं आणि १९७३ मध्ये कार्ल सोन्थायमर यांनी तीच कल्पना अमेरिकेत क्विझिनार्ट या नावानं नेली. रुंद भांडं, तळाला घासत फिरणारं मोठं पातं, वर चिरण्या-किसण्याच्या चकत्या आणि सावकाश पण जोरानं फिरणारी मोटर. चिरणं, किसणं, पीठ मळणं ही त्याची कामं. वाटण त्याचं काम नव्हेच. मिक्सरचं पातं मोकळं फिरताना मिनिटाला १८-२० हजार फेरे घेतं. प्रोसेसरच्या भांड्यातलं पातं दीड-दोन हजारांच्या आसपास. एवढ्या कमी वेगात दाणे उडून पुन्हा पात्याखाली यायला वेळ मिळतो, म्हणून ते भरडतं. मिक्सर त्यांचा लगदा करतो.

भारतीय बाजारात या दोन यंत्रांचं लग्न लावलेलं आहे. एक प्रकार म्हणजे पूर्ण फूड प्रोसेसर: रुंद बैठक, मोठं भांडं, आत पट्ट्यानं किंवा गिअरनं वेग कमी केलेला, आणि त्याच बैठकीवर मिक्सरची भांडीही बसतात. दुसरा म्हणजे मिक्सरच, पण सोबत एक प्रोसेसरचं भांडं, ज्याच्या बुडातच वेग कमी करणारे गिअर बसवलेले असतात. प्रीथी झोडिॲकसारख्या यंत्रांनी हा प्रकार लोकप्रिय केला. तिसरा प्रकार छोट्या चॉपरचा, बटणाचा किंवा दोरी ओढण्याचा.

माझं मत स्पष्ट आहे. चार माणसांपर्यंतच्या घराला, जिथे रोज वाटण होतं आणि मळणं-किसणं अधूनमधून, तिथे दुसरा प्रकार पुरतो. जागा कमी लागते. पाच-सहा माणसं, रोजची कणीक यंत्रावर, वरचेवर पाहुणे असतील तर पहिला घ्यावा, कारण भांड्याच्या बुडातले छोटे प्लास्टिकचे गिअर रोजच्या कणकेसाठी केलेले नसतात. पण तो ओट्यावर कायमचा मांडलेला राहणार असेल तरच. वरच्या कपाटात गेलेला प्रोसेसर महिन्यातून एकदाही खाली येत नाही. रामदासपेठेत जुने बंगले जाऊन सदनिका झाल्या, ओटे आखूड झाले. अनेक घरांत आता दोघंच ज्येष्ठ, मुलं पुण्याला नाहीतर परदेशात. अशा घरात आठ किलोचं यंत्र उचलायला लावणं योग्य नाही. तिथे एक चांगला मिक्सर आणि एक बटणाचा चॉपर ही जोडी अधिक उपयोगी पडते. मुलांनी आईबाबांना भेट म्हणून मोठा प्रोसेसर पाठवण्याआधी ओट्याची लांबी विचारून घ्यावी.

आणखी एक गोष्ट निवडताना विसरली जाते: यंत्र वापरणार कोण? पुष्कळ घरांत ते स्वयंपाकाच्या मावशी वापरतात. झाकण कसं बसतं, कुठे फिरवून लॉक करायचं, कोणती चकती वर आणि कोणती खाली, हे त्यांना पहिल्या दिवशी समजलं नाही तर दुसऱ्या दिवसापासून त्या विळीवर बसतात, आणि त्यांचं चुकत नाही. दुकानात घरची मंडळी जातात, पैसे देतात. जमलं तर मावशींनाही सोबत न्यावं. भांडं लावणं-काढणं त्यांच्या हातून करून पाहावं.

आता कामं. कणीक हे प्रोसेसरचं सर्वांत मोठं काम आणि त्याची खरी परीक्षाही. गव्हाच्या पिठात पाणी मिसळून ते रगडलं की त्यातल्या प्रथिनांची जाळी तयार होते, तिलाच ग्लुटेन म्हणतात. पोळी फुगते, ताणली तरी फाटत नाही, ती या जाळीमुळे. यंत्र हे काम मिनिट-दीड मिनिटात करतं. अर्धा किलो पीठ, चिमूटभर मीठ, मळण्याचं बोथट पातं. यंत्र चालू करून वरच्या नळीतून पाणी बारीक धारेनं सोडायचं. आधी रव्यासारखं दिसतं, मग लहान लहान गोळ्या होतात, मग एकाएकी सगळं एका उंड्यात गोळा होऊन पात्यासोबत फिरायला लागतं. त्या क्षणी मोटरचा आवाज बदलतो, खाली येतो, जड होतो. तिथे थांबायचं. पुढचं अर्धं मिनिट कणकेला काहीच देत नाही आणि मोटरला तापवतं. कणीकही कोमट होऊन चिकट व्हायला लागते. वीस मिनिटं झाकून ठेवली की उरलेलं काम पाणी आपणहून करतं. लोकवन आणि शरबती गहू सारखं पाणी पीत नाहीत, म्हणून पुस्तिकेतलं माप पहिल्या दोन वेळांपुरतंच धरावं.

लांब रोटीसाठी मात्र यंत्र कामाचं नाही. ती कणीक इतकी सैल असते आणि तिला इतकं ताणावं-आपटावं लागतं की ते हातानंच होतं. ज्वारीत तर ग्लुटेन नाहीच. भाकरीचं पीठ गरम पाण्यात तळहातानं रगडल्याशिवाय एकजीव होत नाही आणि ते तसंच करावं. कोणता विक्रेता ‘भाकरीचं पीठही होतं’ म्हणाला, तर त्याला करून दाखवायला सांगावं.

वैदर्भी स्वयंपाकात प्रोसेसरचं खरं चीज होतं ते भरड्यात. वडा-भाताचे वडे किंवा गोळा-भाताचे गोळे यांसाठी भिजवलेली डाळ जाडसर हवी, दाताखाली येणारी, आणि पाणी न घालता. मिक्सरमध्ये पाणी घातल्याशिवाय ती फिरत नाही, आणि पाणी घातलं की पीठ होतं, वडे तेल पितात. प्रोसेसरच्या रुंद भांड्यात डाळ निथळून घातली, बटण दाबत-सोडत आठ-दहा वेळा फिरवली आणि मध्ये एकदा कडा खरवडून घेतल्या, की अगदी पाट्यावर रगडल्यासारखा भरडा मिळतो. दाण्याचं कूटही असंच, दाबत-सोडत. सलग फिरवलं की घर्षणानं दाणे तापतात, तेल सुटतं आणि कुटाचा गोळा होतो. यासाठी यंत्राला दाबून धरलं असेपर्यंतच चालणारं बटण हवं, म्हणजे पल्स. ते नसलेला प्रोसेसर मी तरी कुणाला घ्यायला सांगणार नाही.

सावजी मसाल्याचं काम मात्र मिक्सरच्या लहान स्टीलच्या भांड्याचं. खसखस, मिरे, सुकं खोबरं प्रोसेसरच्या भांड्यात नुसतेच गोल फिरतात. हळकुंड, सुंठ, खडा हिंग असले कठीण जिन्नस घरच्या कुठल्याच यंत्रात घालू नयेत. ते गिरणीत द्यावेत. पात्याची धार आणि प्लास्टिकचं भांडं दोन्ही वाचतात.

सांबारवडीबद्दल माझा थोडा हट्ट आहे. कोथिंबीर धुऊन कापडावर पसरून पूर्ण सुकवली, तरच यंत्रात ती चिरल्यासारखी होते. जराशी ओली असली की तिचा काळपट लगदा होतो आणि सारण पाणी सोडतं. चार-पाच जुड्यांपर्यंत विळी किंवा सुरीच बरी. त्याहून जास्त करायची असेल, घरी कार्य असेल, तर यंत्र. कांद्याचंही तेच. पेशी जितक्या चिरडल्या जातील तितका कांदा उग्र होतो, म्हणून बोथट पात्यानं केलेल्या कांद्याची भजी वेगळीच लागतात. पात्याला धार लावण्यासाठी मिक्सरमध्ये जाडं मीठ फिरवायची जी युक्ती सांगतात, तिनं धार येत नाही. चिकटलेलं निघून पातं स्वच्छ होतं, इतकंच. पातं स्वतंत्र विकत मिळतं की नाही हे म्हणून महत्त्वाचं.

आणि संत्रं. नागपुरात राहून ज्यूसरचा विचार न करणं अवघड आहे. अंबिया बहाराची संत्री आली की दिवाळीच्या सुमारापासून आणि मृग बहाराची आली की फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात करंडी येते. प्रोसेसरसोबतचा जाळीचा ज्यूसर फोडी किसून, जोरात फिरवून रस बाहेर फेकतो. त्यात बिया आणि पांढरे पडदे भरडले जातात. त्यांत एक बेचव द्रव्य असतं, जे रसाच्या आंबटपणात हळूहळू लिमोनिन नावाच्या कडू द्रव्यात बदलतं. म्हणून असा रस काढल्याबरोबर गोड लागतो आणि तासा-दोन तासांनी कडवट. संत्र्यासाठी हातानं दाबायचं साधं यंत्र किंवा उलट्या शंकूचं भांडं वापरावं. ज्यूसर गाजर-बिटाला ठेवावा. केवळ ज्यूसर आहे म्हणून जास्त पैसे मोजून वरचं मॉडेल घेणं नागपूरकराला तरी परवडत नाही, कारण ज्या फळासाठी तो घेतला त्यालाच तो मानवत नाही.

आता दुरुस्तीची ती दुसरी अडचण. फूड प्रोसेसर बंद पडण्याचं एक अगदी नेहमीचं कारण मोटरशी संबंधितच नसतं. झाकणाच्या कडेला नखाएवढी एक प्लास्टिकची जीभ असते. झाकण फिरवून बसवलं की ही जीभ दांड्याजवळच्या खाचेत जाते, आतला स्विच दाबते आणि तेव्हाच यंत्र सुरू होतं. उघड्या भांड्यात हात घालून कुणाचं बोट जाऊ नये म्हणून ही सोय आहे आणि ती फार चांगली आहे. पण रोज उघडताना-लावताना, सिंकमध्ये आपटताना एक दिवस ती जीभ तुटते. मोटर ठणठणीत, पाती धारदार, भांडं अखंड, आणि यंत्र मेलेलं. मग काही जण त्या खाचेत आइसक्रीमची काडी खुपसून चालवतात. तसं कधीही करू नये. मग झाकण उघडं असतानाही पातं फिरतं. नवं झाकण हवं. आणि इथे कळतं की त्या मॉडेलचं झाकण सुटं मिळत नाही, किंवा भांड्यासह घ्यावं लागतं, किंवा मॉडेलच बंद झालेलं आहे.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न हाच विचारावा: या भांड्याचं झाकण सुटं मिळतं का, कुठे मिळतं, केवढ्याला? पाठोपाठ कपलर. बैठकीवरचा तो खाचांचा रबरी किंवा प्लास्टिकचा तुकडा भांड्यातलं पातं फिरवतो. पातं जाम झालं तर मोटरच्या आधी तो झिजावा, यासाठीच तो मऊ ठेवलेला असतो. तो काही रुपयांत मिळायला हवा. मग कार्बन: मोटरला वीज पोचवणाऱ्या घासत्या कांड्या, ज्या काही वर्षांत संपतातच. संपत आल्या की जाळीतून मोठ्या ठिणग्या दिसतात आणि वेग कमी-जास्त होतो. शेवटी भांड्याचं बुश, म्हणजे पात्याचा दांडा ज्यात फिरतो ते बुडातलं कडं. भांडं धुऊन ओट्यावर ठेवलं आणि खाली काळपट पाण्याचं वर्तुळ उमटलं, तर बुश झिजलं आहे आणि वाटणातही ते काळं येत आहे असं समजावं. लगेच बदलून घ्यावं.

सीताबर्डी, गोकुळपेठ, इतवारी या भागांत मिक्सर दुरुस्त करणारे कारागीर आजही आहेत. रामदासपेठेतून सीताबर्डी तर चालत जाण्याच्या अंतरावर. माझी शिफारस अशी की यंत्र घेण्याआधी आपल्या नेहमीच्या कारागिराला दोन नावं सांगून विचारावं, “भाऊ, यांचे पार्ट भेटते का?” सुटे भाग कोणत्या कंपनीचे सहज येतात, कोणत्या मोटरचं वाइंडिंग पुन्हा भरता येतं, कोणाचं आर्मेचर मिळतच नाही, हे त्याला रोजच्या कामातून माहीत असतं. त्याचा शब्द जाहिरातीतल्या ताऱ्यांपेक्षा जास्त खरा. जुनी भक्कम ‘सुमीत’ यंत्रं अनेक घरांत इतकी वर्षं चालली, त्यातही या कारागिरांचा वाटा मोठा आहे. केंद्र सरकारनं २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘राइट टू रिपेअर’ नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग ग्राहकाला मिळायला हवेत, ही मागणी निदान सरकारदरबारी पोचली, याचं मला समाधान आहे.

वॉरंटीचं वाचन नीट करावं. ‘मोटरवर ५ वर्षं’ हे मोठ्या अक्षरांत असतं. भांडी, झाकण, कपलर, पाती, कार्बन वगळल्याचं बारीक अक्षरांत असतं, आणि जास्त भारानं जळलेली मोटर तर बहुतेक कार्डांवर वगळलेलीच असते. म्हणजे जे झिजतं आणि तुटतं ते वॉरंटीत क्वचितच येतं. वर्षं मोजण्यापेक्षा कंपनीचं सेवा केंद्र नागपुरात आहे का, माणूस घरी येतो की यंत्र न्यावं लागतं, हे विचारलेलं बरं.

भांड्याच्या प्लास्टिकबद्दल थोडक्यात. पॉलिकार्बोनेट सहसा फुटत नाही. स्वस्त पारदर्शक प्लास्टिकला मात्र गरम पुरण घातलं की बारीक तडे जातात. पुरण यंत्रात घालायचं असेल तर ते कोमट झाल्यावर, आणि तरीही स्टीलचं भांडं असलेलं बरं. हळदीचे डाग पडणारच, कारण हळदीचा रंग तेलात विरघळतो आणि प्लास्टिकमध्ये मुरतो. भांडं धुऊन दोन-तीन तास उन्हात ठेवलं की तो रंग उन्हानं फिका पडतो. आपल्याकडे उन्हाची कमतरता नाही. दिवसभर मात्र ठेवू नये, प्लास्टिक कडक होतं.

दुकानात पोचल्यावर यंत्र खोक्यातून बाहेर काढायला लावावं. पट्टीवर आयएसआयची खूण पाहावी. मिक्सर-ज्यूसरसाठीचं भारतीय मानक आयएस ४२५० आहे. खुणेखाली ‘सीएम/एल’नं सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. बीआयएस केअर या मोबाइल ॲपमध्ये तो घातला की परवाना कोणाचा आणि चालू आहे का, ते तिथल्या तिथे दिसतं. खोक्यावर निर्मितीचा महिना आणि वर्ष छापणं बंधनकारक आहे. दोन-तीन वर्षं गोदामात पडलेलं यंत्र सवलतीत मिळत असेल तर विचार करावा, कारण आतलं वंगण वाळलेलं असतं. मग चकती बसवून रिकामं फिरवावं. चकती डगमगता कामा नये. पातं भांड्याच्या तळापासून किती उंच आहे ते बोट लावून बघावं (प्लग काढून). फट मोठी असेल तर तळाचे दाणे अख्खेच राहतात. प्लग तीन पिनांचा हवा आणि घरच्या सॉकेटला अर्थिंग हवं. जुन्या इमारतींत ते एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावं.

घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात सगळी कामं करून पाहावीत, अर्धा किलो कणीक, डाळीचा भरडा, गाजराचा कीस. बदलून देण्याची मुदत असते ती थोड्याच दिवसांची. बिघाड निघाला आणि दुकानानं हात वर केले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. यंत्र ऑनलाइन मागवलेलं असो आणि विक्रेता कुठल्याही राज्यातला असो, तक्रार नागपूरच्या जिल्हा आयोगापुढे दाखल होते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

त्यासाठी बिल मात्र हवं. दुकानातलं गुळगुळीत कागदावरचं बिल उष्णतेनं छापलेलं असतं आणि स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये एका उन्हाळ्यात कोरं होतं. घेतल्या दिवशीच त्याची झेरॉक्स काढावी, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि यंत्राचा क्रमांक लिहून घ्यावा, आणि दोन्हींचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा.